दोन लेकरं सांभाळून ऑनलाइन मसाला-बिबडे: सुरुवात कुठून करू?

चोपड्याची सून | रात्री 11:05

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली.

मी चोपड्याला असते. मोठा तिसरीत, धाकटी अंगणवाडीत. मिस्टरांचं कृषी केंद्र आहे, म्हणजे पाऊस झाला तर उधारी वसूल, नाही तर वही घेऊन बसा. घरात सासूबाई आहेत आणि त्यांच्या हाताला अशी चव आहे की काय सांगू. काळा मसाला, उडदाचे पापड, बिबडे (म्हणजे ज्वारीचे पापड), कुरडया. पुण्याच्या नणंदबाई दर उन्हाळ्यात पिशव्या भरून नेतात. आता त्यांच्या सोसायटीतल्या बायका विचारायला लागल्यात, विकत मिळेल का म्हणून.

तर मनात आलंय की हे ऑनलाइन विकावं. पण सुरुवात कशापासून करू तेच कळेना. सासूबाई म्हणतात बिबडे, कारण पुण्यात ते कुठं धड मिळत नाहीत. मिस्टर म्हणतात आधी वेबसाइट, त्यांचा मित्र 15 हजारात करून देतोय. लायसन लागतं का? आणि माझ्याकडे वेळ म्हणजे सकाळी दोघं गेल्यापासून धाकटी एकला घरी येईपर्यंत, मग एकदम रात्री दहानंतर. तेवढ्यात होतं का काही, की उगाच हसं करून घ्यायचं?

शेवभाजी | रात्री 11:18

15 हजाराची वेबसाइट नको, 15 हजाराची मिरची घ्या. बाकीचं नंतर बोलू.

तापीकाठ | रात्री 11:52

चोपड्याची सून, या या. मी भुसावळहून मसाला पाठवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लावते.

वेबसाइटचं शेवभाजींनी सांगितलंच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो: फोटो, वजन, भाव. सिम मात्र वेगळं घ्या, एवढं ऐकाच. घरच्या नंबरवर धंदा आला की शाळेच्या ग्रुपवर 'ताई अर्धा किलो' येतं आणि गिऱ्हाईकाला गृहपाठाचा फोटो जातो. रात्री नऊनंतर त्या नंबरला 'आत्ता बंद आहे, उद्या सकाळी उत्तर देते' असा आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवायचा. गिऱ्हाईक थांबतं. खरंच थांबतं.

आता वेळेचं. तुम्ही दिवसाचे तास मोजताय, मी म्हणेन आठवडा मोजा. रोज थोडं थोडं करायला गेलं की रोज घर पसरतं आणि रोज आवरावं लागतं, अर्धा वेळ त्यातच. माझं सोमवारी निवडणं-टिपणं, ते लेकरांचा अभ्यास घेताघेताही होतं. मंगळवारी भाजणं, बुधवारी कांडपावर, गुरुवारी भरणं, शुक्रवारी पार्सलं. शनिवार-रविवार धंद्याचा डबाच उघडायचा नाही. ऑर्डर कधीही येवो, पार्सल शुक्रवारीच निघेल, असं कॅटलॉगमध्ये लिहून टाकलंय. ज्याला मसाला आजच्या आज लागतो तो कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो, त्याच्या मागं कशाला धावायचं?

आणि लेकरू आजारी पडणारच, ऐन ऑर्डरीत पडणार. त्या आठवड्यात नवी भाजणी नाही, तयार असेल तेवढंच विकायचं. म्हणून एक घाणा पुढचा तयार ठेवायचा. पण एकच. आपल्या मसाल्यात खोबरं असतं, पडून राहिला की खवट वास मारतो आणि मग तो घरात खपवावा लागतो.

सुरतवासी | रात्री 12:10

ताई, बिबडाच धाडा. आठे उधनामा आमना गल्लीत सगळा आपलाच लोके शेतस. बिबडा भेटनात तं मी एकलाच पाच किलो लिसू.

पार्सलवाला | सकाळी 9:40

सुरतवासी भाऊ, पाच किलो बिबड्यांचं खोकं केवढं होईल ते आधी डोळ्यांसमोर आणा. मी जळगावला कुरियरच्या काउंटरवर बसतो, रोज हाच वाद असतो. गिऱ्हाईक म्हणतं, काट्यावर दोन किलो दिसतंय तर पैसे आठ किलोचे कसे?

तर हलक्या पण मोठ्या मालाला कुरियरवाले घनफळावरून वजन काढतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, 5000 नं भागायचं. सर्रास हाच हिशोब चालतो. 40 बाय 40 बाय 25 चं खोकं असेल तर 40,000 भागिले 5000, झाले 8 किलो. आत बिबडे दोनच किलो. काट्याचं आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे.

उडदाचे पापड रास लावून घट्ट भरता येतात. बिबडा वाळताना कडा वर उचलतो, दोन बिबड्यांत हवा राहते, आणि दाबलं की तुकडे. म्हणजे हवेचं भाडं तुम्ही भरणार आणि तिकडे पोहोचल्यावर चुऱ्याचे फोटो तुम्हालाच येणार. उलट एक किलो मसाला 20 बाय 15 बाय 8 च्या खोक्यात बसतो. तिथं घनफळ अर्ध्या किलोच्या आतच येतं, पैसे काट्याच्या वजनाचे.

बिबडे पुण्याला पाठवायचेच असतील तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवा. सोसायटीची ऑर्डर एका खोक्यात करा, नणंदबाईंनी सकाळी थांब्यावरून उचलायचं. ट्रॅव्हल्सवाला खोकं बघून आकडा सांगतो, तिथं घासाघीस होते. आमच्याकडे होत नाही.

तापीकाठ | सकाळी 9:58

पार्सलवाले दादांनी लाख मोलाचं सांगितलं. मसाला बारमाही, बिबडे उन्हाळ्यात एकदाच, तेही आधी पैसे घेऊन. बिबडे करायचे म्हणजे ज्वारी भिजवा, वाळवा, दळा, भल्या पहाटे उठून घाटा हाटा, आणि उन्हं चढायच्या आत थापून मोकळं व्हा. शाळेच्या डब्याच्या वेळेलाच ते सगळं येतं. लहान लेकरं असलेल्या बाईनं याची रोजची ऑर्डर घेऊ नये.

निंबाचा पाला | सकाळी 10:15

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. फेसबुक उघडलं की दर दुसरी पोस्ट 'घरगुती खान्देशी मसाला'. सगळ्यांच्याच सासूबाईंच्या हाताला चव. विकणारे वाढले, घेणारं गिऱ्हाईक तेच पुणे-नाशिकचं. वर 'घरबसल्या कमवा' म्हणजे काय, तर बाईनं स्वयंपाक, लेकरं, म्हाताऱ्यांची औषधं सगळं करून रात्री अकराला पाऊच भरायचे. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाची नोकरी बरी. पगार तरी कळतो.

आखाजी | सकाळी 10:31

दादा, चोपड्यात अर्ध्या दिवसाची, घरापासून चालत जाता येईल अशी, लेकरू आजारी पडलं तर सुट्टी देणारी नोकरी दाखवा. मी पारोळ्याहून येते.

बाकी रात्री अकराचं म्हणालात ते खरं आहे. तेवढं एक पटलं.

हिशोबनीस | सकाळी 11:20

धुळ्यात करसल्लागार आहे, म्हणून कागदांचं मी घेतो.

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. घरून विकली तरी लागते, व्हॉट्सअ‍ॅपवर विकली तरी लागते. लहान धंद्याला मोठं लायसन नको, साधं रजिस्ट्रेशन पुरतं. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंतची उलाढाल लहान धरली होती. अर्ज त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर, फी वर्षाला 100 रुपये. बाहेर हेच काम करून देतो म्हणून दोन-दोन हजार घेतात. ती सरकारी फी नव्हे, त्यांची हमाली आहे. 14 अंकी नंबर मिळतो, तो पाऊचवर छापायचा. सोबत वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच, तुमचा पत्ता, तक्रारीचा नंबर आणि शाकाहारीची हिरवी खूण. हे सगळं छोट्या पाऊचवर मावत नाही अशी तक्रार येते. मावतं. मागच्या बाजूचं फुलांचं चित्र काढून टाका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधारवर होते आणि फुकट होते. 1 जुलै 2020 पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी हीच आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, एवढं समजा.

आता जीएसटी. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको. पण ही सवलत राज्याच्या आतली. आपल्या खान्देशाची अडचण अशी की अर्धं गोत सुरतेत, आणि नवापूर ओलांडलं की गुजरात. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. मसाल्यावर 5 टक्के कर आहे, म्हणजे तो यात आला. पापडावर शून्य. त्यामुळे निव्वळ पापड विकणारी बाई नोंदणी न करता सुरतच काय, चेन्नईलाही पाठवू शकते. मसाला निघाला की गणित बदललं.

मोठ्या ऑनलाइन बाजारांत विकायचं असेल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय विकता येतं, पण पॅनवर नावनोंदणी क्रमांक काढावा लागतो आणि माल आपल्या राज्यातच जातो. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तिकडे जाऊच नका. त्यांचं कमिशन, पाठवणी आणि परत आलेला माल धरून भाव काढायला वेगळी अक्कल लागते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर चार पैसे मिळवताना येते.

सुरतवासी | सकाळी 11:34

म्हणजे मी दिवाळीला बहिणीकडून मसाला आणतो तो नवापूरच्या नाक्यावर धरतील का?

हिशोबनीस | सकाळी 11:36

बहीण पैसे घेत असेल तर आधी तिच्याशी बोला, माझ्याशी नंतर.

साडीवाली वहिनी | दुपारी 12:50

मी खाण्याचं काही करत नाही, साड्या विकते. सुरतच्या मालाचे फोटो ग्रुपवर टाकायचे, ऑर्डर आली की तिकडून परस्पर पाठवणी. भांडवल लागत नाही, म्हणून सगळ्या बायका यातच उतरतात, आणि म्हणूनच यात पैसा थोडा आहे. पण गिऱ्हाईकं कशी असतात ते पक्कं कळतं. दोन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, कॅश ऑन डिलिव्हरी नको. घरी माणूस पार्सल घेऊन गेला की 'मी मागवलंच नाही', नाहीतर 'मिस्टर घरी नाहीत, उद्या या'. पार्सल परत येतं, जाण्याचं भाडं तुमचं आणि येण्याचंही तुमच्याच माथी. साडी परत आली तर दुसरीला विकता येते. मसाल्याचा पाऊच उन्हातान्हात फिरून परत आला तर तुम्ही तो कुणाला देणार?

दुसरी, स्क्रीनशॉटवर विश्वास नको. 'ताई पैसे टाकले' म्हणून फोटो येतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय खोक्याला टेप लावायची नाही. आणि पैसे देतो म्हणून कुणी क्यूआर पाठवून स्कॅन करायला लावला तर सरळ ब्लॉक. पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो. तरी फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

चोपड्याची सून | दुपारी 2:25

बाई बाई, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. धाकटी आत्ता झोपलीय म्हणून लिहिते.

सासूबाईंना बिबड्यांच्या खोक्याचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हवेचे पैसे कोण घेतं ते मला दाखव. पण मसाल्याला तयार झाल्या. वेबसाइटवाल्या मित्राला सध्या थांबा म्हटलंय, तिथं जरा तोंडं वाकडी झालीत.

भावाचं विचारायचंय. 250 ग्रॅमच्या पाऊचला 180 ठरवलेत. माझा खर्च असा: जिन्नस 110, कांडप 8, पाऊच आणि लेबल 9, खोक्याचा वाटा 10, गॅस 3. झाले 140. कुरियर गिऱ्हाईकाचं वेगळं. म्हणजे पाऊचमागं 40 सुटतात. ठीक आहे ना?

आखाजी | दुपारी 2:41

सासूबाईंची मजुरी कुठं धरलीय?

चोपड्याची सून | दुपारी 2:50

ताई, घरातल्याच आहेत त्या. त्यांना मजुरी म्हटलं तर त्यांनाच राग येईल.

आखाजी | दुपारी 3:22

येऊ दे राग. जरा लांब लिहिते, वाचा.

आमच्याकडे आत्या आणि आई पापड करायच्या. शेजारणी, नात्यातल्या, लग्नाच्या घरातल्या, सगळ्या 'तुमच्या हातचे' म्हणून न्यायच्या. पिठाचे पैसे द्यायच्या, बाकी कौतुक. ते कौतुकावरच राहिलं, कारण हाताची किंमत कधी कुणी काढलीच नाही आणि म्हणून भाव कधी खरा निघालाच नाही. आत्याचा खांदा गेला तेव्हा दुसरी बाई लावायचं ठरलं. तिनं दिवसाची मजुरी सांगितली आणि लक्षात आलं की त्या भावात पापड परवडतच नाहीत. आख्खं काम आत्याच्या फुकट खांद्यावर चाललं होतं.

तुमचंही तसंच होईल. आज वीस पाऊच आहेत, सासूबाई हौसेनं करतील. दिवाळीला शंभराची ऑर्डर आली, त्यांचे गुडघे धरले, बाहेरची बाई लावली. मग गिऱ्हाईकाला काय सांगणार, की आता सासूबाईंऐवजी दुसरी बाई आहे म्हणून भाव वाढला? भावात मजुरी पहिल्या दिवसापासून पाहिजे. त्यांची आणि तुमचीही.

आणि ते पैसे त्यांच्या हातात द्या. पाकिटात घाला नाहीतर पोस्टाच्या खात्यात टाका, पण त्यांच्या नावानं. राग किती दिवस टिकतो ते मला कळवा.

हिशोबनीस | दुपारी 4:05

आखाजीताईंचं आकड्यात मांडतो. समजा पाच किलोचा घाणा. निवडणं, भाजणं, कांडपावर जाणं-येणं, चाळणं, भरणं धरून दोघींचे सहा-सहा तास, मिळून 12. तासाला 60 रुपये धरा, फार नाहीत. झाले 720. पाच किलोचे पाव किलोवाले पाऊच 20. म्हणजे पाऊचमागं 36 रुपये मजुरी. 140 आणि 36, 176. तुमचा भाव 180.

चार रुपये राहतात. त्यात एखादा पाऊच फुटला, नणंदबाईंना एक तसाच दिला, लेबल उलटं छापून आलं की तेही गेले. 250 च्या खाली उतरू नका.

निंबाचा पाला | दुपारी 4:18

हेच म्हणत होतो. पण पाव किलोला 250 देणार कोण? मोठ्या कंपनीचा मसाला निम्म्यात मिळतो.

तापीकाठ | दुपारी 4:47

देतात, पण न चाखता देत नाहीत. पहिल्या खेपेला 50 ग्रॅमची पुडी करा, तीही विकतच, फुकट दिलेली पुडी डब्यामागं पडून राहते. तिच्यासोबत चिठ्ठी टाका, कशाला किती घालायचा. शेवेच्या भाजीला चार माणसांत दीड चमचा, मसाला तेलात जळू द्यायचा नाही, रस्सा उकळला की मग शेव. पुण्यात वाढलेल्या पोरींना हेच माहीत नसतं, त्या लाल तिखटासारखा घालतात आणि मग म्हणतात कडू लागतो. नंदुरबारची मिरची घेतली असेल तर तसं लिहा, घेतली नसेल तर लिहू नका.

मोठ्या कंपनीशी भावात भांडायचंच नाही. त्यांच्या पाकिटावर 'खान्देशी' लिहिलेलं असतं, पण चोपड्याच्या घरातला, गेल्या आठवड्यात भाजलेला मसाला त्यांना देता येत नाही. तुमच्या नणंदबाईंच्या मैत्रिणी तेच मागतायत.

शेवभाजी | दुपारी 5:02

चिठ्ठीत हेही लिहा की भरताला हा मसाला घालायचा नाही. परवा एका पुणेकरानं काळा मसाला घातलेलं 'खान्देशी भरीत' खाऊ घातलं. हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे. संपलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते काय काळा मसाला ओतायला?

तापीकाठ | दुपारी 5:06

धागा भरकटवू नका हो. (पण बरोबर आहे.)

शहादेकरीण | सायंकाळी 7:30

मी सरकारच्या उमेद अभियानातल्या बचत गटात आहे. मिरचीचं सांगते. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या कधी बघितल्या नसतील तर एकदा या, लाल गालिचे पसरलेले असतात नुसते. पण मसाल्यासाठी पहिल्या आवकेची मिरची घाईनं घेऊ नका. ओल असते. मुठीत दाबली तर कुरकुरून तुटली पाहिजे, देठ हातात सहज यायला पाहिजे. वाकली तर ओली समजा, मग वजनात मार आणि पुढे बुरशीची भीती. वर्षाची एकदम घ्यायचा मोह होतो, पण घरात कडक उन्हं द्यायला गच्ची आणि ठेवायला कोरडी जागा असेल तरच.

पैशाचं म्हणाल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 ला आली, पीएमएफएमई म्हणतात. त्यात कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या बाईला 40,000 पर्यंत बीज भांडवल अशी तरतूद होती.  केंद्राच्या मुद्रा कर्जयोजनेत शिशू गटात 50,000 पर्यंत विनातारण कर्ज मिळतं. हे सगळं मशीन घ्यायच्या वेळी बघा. पहिले वीस पाऊच घरच्या पैशानं करा. कर्जाच्या हप्त्याला लेकरं आजारी पडलेली कळत नाहीत.

गटात आलात तर मात्र एक फायदा आहे. उमेदमार्ट या ऑनलाइन बाजारावर माल टाकता येतो आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल मिळायची संधी असते. एकटीला ते अवघड.

चोपड्याची सून | रात्री 10:40

सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरलं ते असं: पहिला घाणा पाच किलोचा, 250 ग्रॅम 250 रुपयांना आणि 50 ग्रॅमची पुडी. सोमवारपासूनचं वेळापत्रक तापीकाठताईंचंच ढापलंय. पार्सल फक्त महाराष्ट्रात. सुरतवासी दादा, तुम्हाला उडदाचे पापड चालतील का?

मजुरीचं सासूबाईंना सांगितलं. आधी रागावल्या, मग विचारलं तासाला 60 का, शेतावर निंदायला जाणारीला किती मिळतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या घासाघीस होणार असं दिसतंय.

एक राहिलं. मागं नणंदबाईंना दिलेल्या मसाल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. घरचं होतं म्हणून चाललं. विकताना कसं?

तापीकाठ | रात्री 11:15

कांडपावरून मसाला गरम येतो, चांगला चटका बसेल एवढा. तसाच भरला की वाफ पाऊचमध्ये कोंडते आणि गुठळी धरते. परातीत नको, परातीत मधला ढीग गरमच राहतो. जमिनीवर स्वच्छ सुती कापड, वर कोरा कागद, त्यावर बोटभर थर पसरायचा, पंखा बंद ठेवून. पंखा लावला तर शेजारीसुद्धा शिंकतील. रात्रभर राहू द्या, सकाळी चाळणीनं चाळा आणि मग भरा. मीठ अजिबात घालू नका, मीठ ओल ओढतं. गिऱ्हाईकाला सांगा वरून घाला. पाऊच साधी प्लॅस्टिकची पिशवी नको, तेल बाहेर येऊन लेबल डागाळतं. आतून चंदेरी अस्तर असलेला, उभा राहणारा पाऊच घ्या, वर झिप असली तरी सीलिंग मशीननं पट्टी मारायचीच. आणि हे सगळं धाकटी घरात नसताना. डोळ्यांत गेलं की दोन दिवस तुमचा धंदा बंद.

सुरतवासी | रात्री 11:20

पापड चालतील. चार किलो लिहा. आधी पैसे टाकतो, स्क्रीनशॉट पाठवत नाही, बँकेत बघा.

साडीवाली वहिनी | रात्री 11:24

असं गिऱ्हाईक मला का भेटत नाही?

पार्सलवाला | सकाळी 9:15

चार किलो पापड म्हणजे एक खोकं करू नका, दोन-दोनचे दोन घट्ट गठ्ठे करून मग एका खोक्यात घाला, मधे वर्तमानपत्र. पत्ता हातानं लिहिणार असाल तर पिनकोड सगळ्यात मोठा, आणि फोन नंबर दोन बाजूंना. टेप लावायच्या आधी खोक्याची तिन्ही मापं इथं टाका, काय बसेल ते सांगतो.